बुरान बंद का पडलं? एका कंट्रोलवाल्याचं उत्तर

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: सोव्हिएत युनियनचं बुरान हे पंखवालं अवकाशयान १९८८ मध्ये एकदाच अवकाशात गेलं, तेही आत माणूस नसताना, आणि आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. पहिल्याच फेरीत एवढं जमलं, तर दुसरी फेरी का झाली नाही? तंत्रज्ञान कमी पडलं, पैसा संपला, की देशच संपला? शिवाय ते अमेरिकेच्या स्पेस शटल या पुन्हा वापरता येणाऱ्या यानाची नक्कल होतं का, आणि गोदामात पडून असलेलं दुसरं यान आज उडवता येईल का?

माझी उभी नोकरी गायडन्स आणि कंट्रोलमध्ये गेली. उडत्या वस्तूला ती आत्ता कुठे आहे, कुठे जायचंय आणि त्यासाठी कुठलं पातं किती अंश हलवायचं हे सांगणारी गणितं लिहायची, सिम्युलेटरवर ती शेकडो वेळा पळवायची, आणि खऱ्या उड्डाणाच्या दिवशी तोंडाला कोरड पडलेली असताना खुर्चीत गप्प बसायचं, एवढंच आमचं काम. बुरानशी माझा प्रत्यक्ष संबंध काही नाही. पण आमच्या धंद्यातल्या कुणालाही १५ नोव्हेंबर १९८८ ची सकाळ माहीत नाही असं सहसा होत नाही, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

थोडक्यात सांगायचं तर तंत्रज्ञान कमी पडलं नाही. पैसा संपला आणि देशही संपला, पण तो नंतरचा भाग. बुरानकडे पहिल्या दिवसापासूनच वाहायला सामान नव्हतं. गाडी कशासाठी घ्यायची हे ठरायच्या आधी शेजाऱ्याने कुठली घेतली ते बघून घेतलेली गाडी होती ती.

हे कसं झालं ते समजायला १९७० च्या दशकात जावं लागतं. अमेरिकेने शटल मंजूर केलं तेव्हा कागदावर हिशोब असा होता की वर्षाला साठ उड्डाणं होतील, प्रत्येक फेरीत २९.५ टन वर जाईल आणि १४.५ टन परत आणता येईल. हे आकडे उघड छापलेले होते. मॉस्कोजवळच्या त्स्निइमाश या संस्थेत, म्हणजे त्यांच्या अवकाश उद्योगाच्या मुख्य अभ्यासकेंद्रात, युरी मोझ्झोरिन यांच्या लोकांनी साधा गुणाकार केला. साठ गुणिले साडेएकोणतीस म्हणजे वर्षाला १,७७० टन वर. अमेरिका त्या वेळी साध्या, एकदा वापरून फेकायच्या रॉकेटांनी वर्षाला १५० टनांच्या आसपास पाठवत होती. म्हणजे बारापट! आणि खाली आणायचे ८७० टन, जेव्हा त्या काळात कक्षेतून परत आणण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. एवढं काय आणणार आहेत हे लोक वरून?

इथे दोन उत्तरं शक्य होती. एक, अमेरिकनांनी मंजुरी मिळवण्यासाठी आकडे फुगवलेत. दोन, यामागे काहीतरी आहे जे ते सांगत नाहीत. पहिलं उत्तर बरोबर होतं. पुढच्या तीस वर्षांत शटलची एकूण उड्डाणं झाली १३५, आणि सगळ्यात भरगच्च वर्षात, १९८५ मध्ये, नऊ. पण सोव्हिएत अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. अमेरिकन अर्थखातं एवढी मोठी रक्कम निव्वळ फुगवलेल्या हिशोबावर देईल, हे त्याला पटणार कसं? त्यांच्या मते अमेरिकन माणूस पैशाला पक्का. त्यामुळे दुसरं उत्तर स्वीकारलं गेलं: हे लष्करी यान आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्गहून उडून ध्रुवीय कक्षेत एक फेरी मारायची आणि परत यायचं, अशीही शटलची एक योजना होती. तिचा अभ्यास मॉस्कोच्या उपयोजित गणित संस्थेत, म्हणजे गणिती केल्डिश यांच्या संस्थेत, झाला. असं यान अचानक बुडी मारून मॉस्कोवर काही टाकून जाऊ शकतं, असा निष्कर्ष तिथून वर गेला अशी हकीकत त्या पिढीतले लोक सांगत आले आहेत.

मग १७ फेब्रुवारी १९७६ ला केंद्रीय समिती आणि मंत्रिमंडळाचा संयुक्त ठराव झाला. लष्करी उद्योगाची सूत्रं हातात असलेले दिमित्री उस्तिनोव यांचं वजन त्यामागे होतं. ठरावाचं सार एका ओळीचं: त्यांच्याकडे जे आहे, त्याच्या तोडीचं आपल्याकडे हवं. ते कशासाठी हे त्यांना ठाऊक असेल, आपल्याला कळेल तेव्हा कळेल, पण कळेल त्या दिवशी आपल्या हातात असायला हवं.

नोकरीत मी रिक्वायरमेंटचे, म्हणजे यंत्राकडून काय हवं ते लिहिलेले, बरेच कागद बघितलेत. सगळ्यात घातक कागद कुठला, असं कुणी विचारलं तर मी हा सांगेन: "दुसऱ्याच्या यंत्रापेक्षा कमी नको." कारण त्यावरून कुठलाही आकडा काढता येत नाही, फक्त उतरवून घेता येतो. सामानकोठी किती लांब हवी? त्यांची जेवढी आहे तेवढी. किती टन? तीस. का तीस? त्यांचे साडेएकोणतीस.

आता नक्कल होती का, या प्रश्नाकडे वळतो, कारण तो इथेच येतो. बाहेरचा आकार, हो, बघूनच ठरवला. त्याला लाज वाटण्यासारखं काही नाही. तेवढंच वजन, तेवढीच कोठी, परत येताना तेवढंच आडवं अंतर कापायची क्षमता, असं सगळं तेच मागितलं की हवा तुम्हाला साधारण त्याच आकाराकडे ढकलत नेते. शिवाय अमेरिकनांचे ढीगभर तांत्रिक अहवाल विकत मिळत होते. गंमत अशी की ज्यांच्याकडे विमानाचा भाग सोपवला, त्या मोल्निया संस्थेचे ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की यांना मुळात हा आकार नकोच होता. साठच्या दशकापासून ते स्पिराल नावाच्या छोट्या, बोथट नाकाच्या अवकाशविमानावर काम करत होते. वरून हुकूम आला, मोठं करा. त्यांनी मोठं केलं.

आत मात्र सगळं वेगळं. शटलची तीन मुख्य इंजिनं यानाच्या शेपटीत बसलेली, म्हणजे ती कक्षेत जायची आणि परत यायची. बुरानची मुख्य इंजिनं त्याच्यात नव्हतीच. ती एनर्गिया नावाच्या रॉकेटच्या पोटाखाली. मधल्या टाकीखाली हायड्रोजनवर चालणारी चार आरडी-०१२० आणि कडेला रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालणारे चार बूस्टर, प्रत्येकाखाली एकेक आरडी-१७०. त्या एका इंजिनाचा जोर ७४० टनांचा. अमेरिकनांचे बूस्टर घन इंधनाचे, म्हणजे पेटले की विझवता न येणारे. सोव्हिएत लोकांचा द्रव इंधनावर हात बसलेला, म्हणून त्यांनी तो रस्ता धरला. या रचनेमुळे एनर्गिया हे स्वतंत्र रॉकेट झालं: बुरान काढा, तिथे दुसरं काहीही शंभर टनांचं लावा. हे व्हालेन्तिन ग्लुश्को यांना हवं होतं. १९७४ मध्ये चंद्रमोहिमेचं एन-१ रॉकेट बंद करून ते एनर्गिया संस्थेच्या प्रमुखपदी बसले होते, आणि त्यांचं मन पंखवाल्या यानापेक्षा चंद्रावरच्या तळात होतं. एन-१ च्या उरलेल्या टाक्यांचे तुकडे बायकोनूर या उड्डाणतळाच्या परिसरात डुकरांची खुराडी आणि पोरांच्या वाळूच्या खेळावरचं छप्पर म्हणून वापरले गेले. एन-१ चे लाँच पॅड मात्र मोडले नाहीत. तेच बदलून बुरानला दिले.

एनर्गियाचं पहिलं उड्डाण १५ मे १९८७ ला झालं, बुरानशिवाय. वर होतं पोल्युस नावाचं ऐंशी टनांचं काळं नळकांडं. रॉकेटने आपलं काम चोख केलं. पण नळकांडं उलटं बसवलं होतं, इंजिनाचं तोंड पुढे. सुटं झाल्यावर १८० अंश वळून मग धक्का द्यायचा होता. ते ३६० अंश वळलं, त्यामुळे वेग वाढण्याऐवजी ब्रेक लागला आणि ते समुद्रात गेलं. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट नव्या पोरांना हसत सांगतात आणि जुनी माणसं ती ऐकताना हसत नाहीत.

आता ती सकाळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिला प्रयत्न २९ ऑक्टोबर १९८८ चा. ५१ सेकंद उरले असताना यंत्रणेने स्वतःच मोजणी थांबवली, कारण दिशा जुळवायच्या उपकरणांचा एक फलक वेळेत बाजूला झाला नव्हता. दोन आठवड्यांनी पुन्हा. १५ नोव्हेंबरला वादळाचा इशारा होता. 'बुरान' म्हणजे त्या गवताळ मैदानावरचं हिमवादळ. नावाला जागून हवा आली होती. तरी मॉस्को वेळेप्रमाणे सकाळी सहाला उड्डाण झालं. पृथ्वीभोवती दोन फेऱ्या, सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवर. आत माणूस नव्हताच, आणि असता तरी जगला नसता, कारण जीवनरक्षक यंत्रणा पूर्ण बसवलेली नव्हती.

परत येताना यानाला इंजिनाचा आधार नसतो. कक्षेतून निघताना एकदा ब्रेक मारला की त्यानंतर जे काही करायचं ते उंची आणि वेग या दोनच गोष्टी खर्च करून. घाटात इंजिन बंद पडलेली एसटी कल्पून बघा: ड्रायव्हरला ती खाली गावच्या स्टँडवर, ठरलेल्या फलाटाला लावायची आहे. वेग जास्त ठेवला तर स्टँड ओलांडून जाईल, कमी ठेवला तर चढावर अडकेल, आणि पुन्हा मागे घेता येणार नाही. त्यात प्रवासी विमान तीन अंशांच्या उतारावरून येतं, तर हे यान साधारण त्याच्या सहापट तीव्र उतारावरून कोसळल्यासारखं येतं आणि जमिनीजवळ नाक उचलून सावरतं.

म्हणून धावपट्टीच्या अलीकडे दोन काल्पनिक खांब ठेवलेले असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. यान त्यातल्या एकाला वळसा घालून धावपट्टीच्या रेषेत येतं. कुठल्या खांबाला वळसा घालायचा हे हातात शिल्लक असलेल्या ऊर्जेवर ठरतं.

बुरान धावपट्टीच्या जवळ आलं, सगळं सरळ चाललेलं, आणि एकाएकी ते वळलं. धावपट्टीची रेषा आडवी ओलांडून पलीकडे निघालं. मागे मिग-२५ मधून मागोमाग उडणारे वैमानिक मागोमेद तोल्बोयेव यांनाही ते अनपेक्षित होतं. खालच्या खोलीत बसलेल्यांना वाटलं, गेलं! मेंदू फिरला यानाचा.

मेंदू फिरला नव्हता. जोराच्या वाऱ्यात ऊर्जा किती उरली याचा हिशोब करून यानाने लांबचा रस्ता निवडला होता. जास्तीची उंची तिकडे जाळली, वळसा पूर्ण केला आणि साडेचार किलोमीटर लांब, ८४ मीटर रुंद धावपट्टीवर, सेकंदाला सतरा मीटरच्या आडव्या वाऱ्यात, ताशी २६३ किलोमीटर वेगाने टेकलं. थांबलं तेव्हा मध्यरेषेपासून जेमतेम तीन मीटर बाजूला होतं. अडतीस हजारांच्या आसपास उष्णतारोधक टाइल्सपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गळल्या होत्या. सगळा प्रवास २०६ मिनिटांचा.

ती खोली मला ओळखीची वाटते. एकदा आम्ही एका छोट्या ग्लायडरसारख्या यानाचं सिम्युलेशन चालवत होतो. मागून येणारा वारा मुद्दाम वाढवून दिलेला. पडद्यावरचा ठिपका धावपट्टीकडे येता येता तोंड फिरवून उलट निघाला. आमचे साहेब रन बंद करायला पुढे झाले. कोड लिहिणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "थांबा सर, तिला उंची जास्त झालीये, ती उतरवतेय." चाळीस सेकंदांनी ठिपका फिरून बरोबर रेषेत आला. आम्ही सगळ्यांनी चहा मागवला. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच वळण दिसलं, आणि आता शहाणे झालेलो असल्यामुळे कुणीच काही बोललं नाही. त्या वेळी मात्र एका ठिकाणी अधिकाच्या जागी उणे पडलं होतं. ठिपका तसाच निघून गेला तो गेलाच. दोन्ही वेळा पहिली दहा सेकंद चित्र हुबेहूब सारखं होतं. म्हणून बायकोनूरच्या त्या खोलीत कुणी मध्ये हात घातला नाही, याचं मला यानाइतकंच कौतुक वाटतं.

तुलनेसाठी सांगतो: शटलने तीस वर्षांत एकदाही माणसाशिवाय उड्डाण केलं नाही. चाकं बाहेर काढायचं बटण शेवटी माणसानेच दाबायचं. कोलंबिया शटलच्या अपघातानंतर, रिकामं शटल उतरवायची वेळ आलीच तर त्या बटणाचं काम जमिनीवरून करता यावं म्हणून, एक केबल बरोबर नेऊ लागले. अमेरिकेचं एक्स-३७बी हे माणसाविना उडणारं छोटं यान कक्षेतून येऊन धावपट्टीवर आपोआप उतरलं ते डिसेंबर २०१० मध्ये. आपल्याकडे इस्रोच्या पुष्पक या छोट्या पंखवाल्या यानाने २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ तीनदा स्वयंचलित लँडिंग केलं. तिथे हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटरवर नेऊन सोडलं होतं, कक्षेतून आणलं नव्हतं. पण शेवटच्या खेपेला मुद्दाम अर्धा किलोमीटर बाजूला सोडून ते रेषेत आणलं, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना बायकोनूरचं ते वळण आठवलं असणार.

माणसं मात्र बुरानसाठी तयार होती. ईगर वोल्क हे चाचणी वैमानिकांच्या गटाचे प्रमुख. जेट इंजिनं लावलेल्या एका बुरानवर, जे साध्या विमानासारखं धावपट्टीवरून उडायचं, त्यांच्या गटाने १९८५ ते १९८८ मध्ये मॉस्कोजवळच्या झुकोव्स्कीला दोन डझन उड्डाणं केली. जुलै १९८४ मध्ये वोल्क सोयुझमधून साल्युत-७ स्थानकावर जाऊन आले. हे तेच स्थानक, जिथे तीन महिन्यांपूर्वी आपले राकेश शर्मा राहून आले होते. वोल्कना पाठवण्याचा हेतू वेगळा होता: बारा दिवस वजनरहित अवस्थेत काढलेला माणूस परत आल्या आल्या विमान हाताळू शकतो का? खाली उतरल्यावर त्यांना बुरानसारखी नियंत्रणं बसवलेल्या तू-१५४ या प्रवासी जातीच्या विमानात बसवलं, मॉस्कोकडे उडवत नेलं, आणि तिथून मिग-२५ घेऊन परत पाठवलं. जमलं त्यांना. एवढी तयारी झालेल्या त्या गटातला एकही माणूस बुरानमधून अवकाशात गेला नाही.

मग बंद का पडलं? तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटल फुटलं. त्यानंतर अमेरिकन लष्कराने शटलवरचा भरवसा कमी केला, आणि व्हॅन्डेनबर्गचा तो लाँच पॅड, ज्याच्या धास्तीने बुरान सुरू झालं, एकही शटल न उडवता गुंडाळला गेला. म्हणजे बुरान आकाशात गेलं तेव्हा ज्या योजनेची धास्ती होती, तीच बारगळत होती. सोव्हिएत संरक्षण खात्याने मग साहजिक प्रश्न विचारला, यात आम्ही काय पाठवू? उपग्रह पाठवायला प्रोटॉन आणि सोयुझ रॉकेटं होती, स्वस्त, सरावाची. माणसं पाठवायला सोयुझ होतं. खाली आणायला काही नव्हतं.

एक काम सापडण्यासारखं होतं: मीर या सोव्हिएत अवकाशस्थानकाची ने-आण. १९९० मध्ये मीरला जोडलेल्या क्रिस्ताल भागावर बुरान जोडता येईल असं खास दार बसवलेलं होतं, आणि पुढचं उड्डाण माणसाविना मीरपर्यंत न्यायचं होतं. पण तोवर तिजोरीत खडखडाट. बुरान-एनर्गियावर हजाराहून जास्त संस्था आणि कारखाने काम करत होते. डिसेंबर १९९१ नंतर एका सकाळी त्यांना कळलं की लाँच पॅड कझाकस्तानात आहे, बूस्टर युक्रेनमध्ये बनतात, रॉकेटची कंट्रोल यंत्रणा खार्किवची, आणि बुरान पाठीवर घेऊन पॅरिसच्या प्रदर्शनाला गेलेलं अजस्र एएन-२२५ विमान कीव्हचं. ग्लुश्को तर पहिल्या उड्डाणानंतर दोन महिन्यांतच, जानेवारी १९८९ मध्ये, गेले होते. १९९३ मध्ये कार्यक्रमावर अधिकृत पडदा पडला. त्याआधीची दोनेक वर्षं तो पगारापुरताच जिवंत होता.

"देश फुटला म्हणून बुरान बुडालं" असं जे सर्रास लिहिलं जातं, ते म्हणून मला अपुरं वाटतं. सोयुझ त्याच देशाचं, तोच लाँच पॅडवाला कझाकस्तान, तीच कंगाल तिजोरी. सोयुझ एक वर्षही थांबलं नाही. त्याला रोजचं काम होतं.

बुरानचेही ज्या ज्या तुकड्याला स्वतःचं काम होतं, ते ते निसटले. क्रिस्तालवरचं ते दार घ्या. बुरान तिथे कधी पोहोचलंच नाही. जून १९९५ मध्ये त्याच दाराला येऊन जोडलं गेलं ते अमेरिकेचं अटलांटिस शटल. ज्याच्या धाकाने बुरान बांधलं, तेच पाहुणं म्हणून बुरानच्या दारातून आत आलं. आरडी-१७० चं अर्धं रूप, आरडी-१८०, अमेरिकेने विकत घेतलं आणि ॲटलस रॉकेटांच्या तळाशी लावलं. त्यावर अमेरिकन लष्कराचे उपग्रह कित्येक वर्षं वर गेले.

तिसरी गोष्ट आपल्या हिंद महासागरातली आहे. बुरानच्या उष्णतारोधक टाइल्सची परीक्षा घ्यायला त्यांनी स्पिरालच्या वंशातलं बोर-४ नावाचं छोटं यान कक्षेत पाठवलं होतं. जून १९८२ मध्ये ते कोकोस बेटांच्या दक्षिणेला समुद्रात उतरलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये आणखी एक. ते पाण्यातून उचलत असताना वरून ऑस्ट्रेलियन गस्ती विमान फोटो काढत होतं. नासाच्या लोकांनी त्या फोटोंवरून मॉडेल करून वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं, आकार इतका बरा वागला की त्यावरून त्यांनी एचएल-२० चा आराखडा केला, आणि त्यातून आजचं ड्रीम चेझर हे छोटं अवकाशविमान आलं. लोझिनो-लोझिन्स्कींना जे छोटं यान हवं होतं, त्याचा नातू अमेरिकेत जन्मला म्हणायचा. नकलेचा प्रश्न विचारणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात ठेवावी.

कंट्रोलचा कोड लिहिण्याच्या खटाटोपातून द्राकोन नावाची चित्रभाषाही जन्मली, ज्यात प्रोग्रॅम फ्लोचार्टसारखा काढतात आणि कोड न येणाऱ्या तज्ज्ञालाही तो वाचता येतो. मला ती अतिशय आवडते, पण त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

आता शेवटचा प्रश्न. उडालेलं बुरान आता नाही. १२ मे २००२ ला बायकोनूरच्या जोडणी इमारतीचं छप्पर कोसळलं. दुरुस्तीला वर चढलेले आठ कामगार मेले आणि यान चिरडलं. दुसरं, जवळजवळ पूर्ण झालेलं, शेजारच्या उंच इमारतीत चाचणीच्या एका मॉडेलसोबत धूळ खात उभं आहे. चोरून आत शिरणारी पोरं त्याच्या अंगावर स्प्रेने लिहूनही गेलीत. २०२१ मध्ये त्याची मालकी सांगणाऱ्या एका कझाख उद्योजकाने रशियाला कळवलं, यान देतो, रशियाविरुद्ध लढलेल्या आमच्या केनेसारी खानाची कवटी परत द्या.

ते उडेल का? नाही. धूळ पुसता येईल, टाइल्स नव्या चिकटवता येतील. पण रबरी सील सुकतात, वायरींचं आवरण तडकतं, आणि मुख्य म्हणजे त्याला वर नेणारं एनर्गियाच राहिलेलं नाही. रॉकेटचे कागद असतील, पण कुठला बोल्ट किती आवळायचा हे हाताने माहीत असलेली माणसं निवृत्त होऊन गेली. माझ्या स्वतःच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या कोडमधल्या दोन स्थिर संख्या मी का घातल्या होत्या, हे परवा एका तरुण सहकाऱ्याने फोन करून विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. ते तर वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या हजार संस्थांचं काम आहे.

जेटवालं चाचणीचं बुरान जर्मनीत श्पायरच्या संग्रहालयात आहे. जमलं तर ते बघा, शिडीने वर जाऊन आत डोकावता येतं. आणि ती साडेचार किलोमीटरची धावपट्टी चांगल्या स्थितीत राहिली. परदेशी उपग्रहांच्या पेट्या घेऊन आलेली मालवाहू विमानं पुढे बरीच वर्षं तिच्यावर उतरत राहिली.